थंडीच्या रात्रींसाठी पांघरूण निवडताना

नवरात्राच्या आधी घरातील सारी अंथरुणे-पांघरुणे नदीवर किंवा विहिरीवर नेऊन धुवायची, कडक उन्हात वाळवायची आणि थंडीसाठी सज्ज ठेवायची, ही महाराष्ट्रातील गावोगावची जुनी रीत. शहरातील सदनिकेला नदी नाही, अंगण नाही आणि वाळत घालायला जागाही बेताचीच. त्यामुळे थंडीची पहिली शिरशिरी जाणवली की माळ्यावरची ब्लँकेटे खाली काढायची आणि ती अपुरी वाटली तर बाजारातून एखादी जाडजूड रजई आणायची, असा बहुतेक घरांचा क्रम असतो. दुकानात हाताला मऊ लागलेली, दिसायला भरदार असलेली ही रजई घरी आल्यावर मात्र मध्यरात्री घाम आणते किंवा पहाटे पाय गारच ठेवते. पैसे जातात आणि झोपही जाते. घरात तान्हे मूल किंवा वृद्ध असतील तर चुकीच्या पांघरुणाचे परिणाम याहून गंभीर होऊ शकतात. म्हणूनच पांघरूण निवडताना त्याच्या जाडीपेक्षा त्याचे काम समजून घेणे अधिक महत्त्वाचे ठरते.

ऊब येते कुठून?

पांघरुणाला स्वतःची ऊब नसते. ऊब असते ती आपल्या शरीराची. ती बाहेर निसटू न देणे एवढेच पांघरुणाचे काम. हे काम कापूस किंवा लोकर जितके करते, त्याहून अधिक त्यांच्या तंतूंमध्ये अडकलेली स्थिर हवा करते. हवा ही उष्णतेची अत्यंत मंद वाहक आहे. पिंजलेल्या कापसात, लोकरीच्या कुरळ्या तंतूंत किंवा गोधडीच्या पदरांमध्ये ही हवा कोंडली जाते आणि शरीराभोवती एक अदृश्य आवरण तयार होते. दोन पातळ पांघरुणे एका जाड पांघरुणाच्या तोडीची ऊब देतात, त्याचे कारण हेच. दोहोंच्या मध्ये हवेचा आणखी एक थर मिळतो. उलट, वर्षानुवर्षे वापरून दबलेली कापसाची रजई वजनाने तेवढीच राहिली तरी गार पडते, कारण तिच्यातील हवा निघून गेलेली असते.

दुसरा मुद्दा घामाचा. झोपेतही शरीरातून बाष्प बाहेर पडत असते. ते पांघरुणाने शोषून बाहेर टाकले नाही, तर अंग दमट होते आणि दमट अंगाला थंडी अधिक बोचते. हवेतील सर्वसाधारण आर्द्रतेत कापूस आपल्या वजनाच्या सुमारे ८ टक्के, तर लोकर सुमारे १६ टक्के ओलावा सामावून घेते. पॉलिएस्टरच्या बाबतीत हे प्रमाण अर्धा टक्काही नसते. कृत्रिम धाग्याच्या पांघरुणात सुरुवातीला छान ऊब वाटते आणि काही वेळाने गुदमरल्यासारखे होते, त्याचे रहस्य या आकड्यांत आहे.

गाव तशी थंडी

पांघरूण घेण्यापूर्वी आपल्या शहराची थंडी ओळखणे आवश्यक आहे. मुंबईत २२ जानेवारी १९६२ रोजी सांताक्रूझ येथे ७.४ अंश सेल्सिअस तापमानाची नोंद झाली होती. पुण्यात १७ जानेवारी १९३५ रोजी पारा १.७ अंशांपर्यंत उतरला होता, तर नागपूरने २९ डिसेंबर २०१८ रोजी ३.५ अंशांची रात्र अनुभवली. अर्थात, हे नीचांक आहेत. रोजच्या खरेदीसाठी सरासरी रात्र ध्यानात घ्यावी. मुंबईत थंडीच्या बहुतेक रात्री एवढ्या सौम्य असतात की डासांसाठी पंखा सुरू ठेवून वर चादर घेणारी घरेच अधिक. तेथे जाड रजई कपाटातील जागा अडवण्यापलीकडे फारसे काही करत नाही.

पुणे, नाशिक, छत्रपती संभाजीनगर किंवा नागपूर येथील थंडीचा स्वभाव निराळा आहे. आकाश निरभ्र आणि हवा कोरडी असल्याने जमिनीची उष्णता रात्री झपाट्याने निघून जाते. पुण्यात डिसेंबरमध्ये दुपारी ३० अंशांच्या आसपास असलेले तापमान पहाटे १०-१२ अंशांवर येते. एकाच शहरातही पाषाणसारखा झाडी असलेला भाग आणि दाट इमारतींचा परिसर यांत काही अंशांचा फरक पडतो. वरच्या मजल्यावरील, उत्तरेकडे खिडकी असलेली खोली आणि मधल्या मजल्यावरील, चारही बाजूंनी घरांनी वेढलेली खोली यांची गरज सारखी नसते.

याहून महत्त्वाची बाब वेळेची आहे. रात्रीचे सर्वांत कमी तापमान साधारणपणे सूर्योदयाच्या सुमारास असते आणि शरीराचे स्वतःचे तापमानही पहाटेच्याच प्रहरी सर्वाधिक उतरलेले असते. झोपताना पुरेसे वाटलेले पांघरूण चार-पाच वाजता अपुरे पडते, ते यामुळे. झोपतानाच सर्वांत जाड पांघरूण घ्यावे, तर पहिल्या प्रहरी घाम येतो. यावरचा सोपा उपाय म्हणजे थरांचा. अंगावर एक मध्यम पांघरूण आणि पायथ्याशी घडी घालून ठेवलेले दुसरे, जे झोपेतही सहज ओढून घेता येईल. दिवस-रात्रीच्या तापमानात मोठी तफावत असणाऱ्या महाराष्ट्राच्या पठारी भागाला हीच पद्धत सर्वाधिक मानवते.

आधी अंथरूण, मग पांघरूण

थंडी वाजली की आपण वरचे पांघरूण वाढवतो आणि खालच्या अंथरुणाकडे दुर्लक्ष करतो. वास्तविक शरीराची बरीच उष्णता खालच्या बाजूनेही जाते. जमिनीवर झोपणाऱ्यांच्या बाबतीत तर ही बाब अधिकच खरी. आजच्या घरांतील चकचकीत फरश्या रात्री बर्फासारख्या गार पडतात. अंगाखालचे मऊ पांघरूण शरीराच्या वजनाने दबते आणि त्यातील हवा निघून जाते. म्हणून खाली सहजासहजी न दबणारी वस्तू हवी. आधी चटई किंवा सतरंजी, त्यावर घोंगडी किंवा जाडसर गोधडी आणि त्यावर कापसाची गादी, ही जुन्या घरांतील रचना शास्त्रालाही धरून आहे.

कापसाची गादी वापरणाऱ्यांनी ती दर काही वर्षांनी उसवून, कापूस पिंजून पुन्हा भरून घ्यावी. धनुकलीचा टणत्कार करीत दारोदार फिरणारे पिंजारी आता शहरांत अभावानेच दिसतात. त्यांची जागा ‘गादी कारखाना’ अशी पाटी लावलेल्या दुकानांतील यंत्रांनी घेतली आहे. मात्र काम तेच आहे. दबून गोळे झालेला कापूस मोकळा झाला की त्यात पुन्हा हवा भरते आणि जुनी गादी नव्यासारखी ऊबदार होते. नवी गादी घेण्याच्या तुलनेत हा खर्चही पुष्कळ कमी येतो. जुन्या रजईलाही हाच न्याय लागू पडतो.

कोणते पांघरूण कशासाठी?

सोलापुरी चादर : सौम्य थंडीसाठी हिच्यासारखे दुसरे पांघरूण नाही. जॅकार्ड मागावर विणलेली, दोन्ही बाजूंना नक्षी उमटणारी ही सुती चादर घाम शोषते, वर्षानुवर्षे टिकते आणि धुतल्यावर अधिक मऊ होते. सोलापूरच्या वस्त्रोद्योगाला आकार देणाऱ्यांत तेलुगूभाषक पद्मशाली विणकरांचा मोठा वाटा आहे. या चादरीला २००५-०६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तरीही सोलापूरबाहेर तयार झालेल्या, कृत्रिम धागा मिसळलेल्या चादरी त्याच नावाने विकल्या जातात. म्हणून खरेदी करताना उत्पादकाचे नाव, गाव आणि धाग्याचा प्रकार यांचा उल्लेख पाहूनच चादर घ्यावी. मुंबई व कोकणपट्टीत एका माणसाला एक चादर बहुतेक दिवस पुरते. पठारावर ती रजईच्या आतील थर म्हणून उपयोगी पडते.

गोधडी : जुनी लुगडी, धोतरे आणि साड्या यांचे पदर एकावर एक ठेवून धावदोऱ्याने शिवलेली गोधडी, कोल्हापूर-सातारा भागातील वाकळ, ही थरांच्या तत्त्वाचे उत्तम उदाहरण आहे. वापरून झिजलेले सुती कापड अंगाला मऊ लागते आणि जवळजवळ घातलेले टाके पदर सरकू देत नाहीत. अनेक महिला बचत गट आता मागणीप्रमाणे गोधड्या शिवून देतात. गोधडी शिवून घेताना निदान अंगाकडचे पदर शुद्ध सुती असावेत, हे पाहावे. नायलॉन वा पॉलिएस्टरच्या साड्यांची गोधडी दिसते सुंदर, पण घाम शोषत नाही.

घोंगडी : दख्खनी मेंढीच्या लोकरीची, खड्ड्याच्या मागावर विणलेली आणि चिंचोक्याची खळ दिलेली घोंगडी कडाक्याच्या थंडीतही ऊब देते. मेंढ्या राखणारे धनगर आणि घोंगडी विणणारे सनगर यांच्या श्रमांतून ती आकाराला येते. दमट हवेतही लोकर आपली ऊब बऱ्याच अंशी टिकवून धरते. मात्र घोंगडीची लोकर राठ असल्याने ती अंगाला टोचते. त्यामुळे आत सुती चादर आणि वर घोंगडी, असा वापर करावा. गादीखाली अंथरायला तर ती उत्तमच. ज्यांच्या त्वचेला लोकर सोसत नाही, त्यांनी तिचा उपयोग खालच्या थरापुरताच ठेवावा.

कापसाची रजई : पठारी भागातील डिसेंबर-जानेवारीसाठी ही खात्रीची निवड. रजईत कापूस किती भरला आहे यापेक्षा तो किती चांगला पिंजला आहे आणि टाके किती जवळ आहेत, याला महत्त्व आहे. टाके विरळ असतील तर कापूस एका कोपऱ्यात गोळा होतो आणि मधला भाग रिकामा पडतो. जयपुरी रजईची ख्याती याच पिंजणावर उभी आहे. अगदी थोडा कापूस उत्तम पिंजून पातळ सुती कापडात भरला जातो आणि रजई हलकी असूनही उबदार होते. भरण नसलेली, मलमलीच्या दोन-तीन पदरांची दोहर मात्र वातानुकूलित खोलीसाठी किंवा मुंबईच्या थंडीसाठीच योग्य.

मिंक ब्लँकेट आणि फ्लीस : नावात मिंक असले तरी या ब्लँकेटांचा त्या प्राण्याच्या फरशी काही संबंध नाही. ती पॉलिएस्टर किंवा अॅक्रिलिकची असतात. मऊपणा, चटकन मिळणारी ऊब आणि लवकर वाळण्याची सोय या त्यांच्या जमेच्या बाजू. घाम न शोषणे आणि कोरड्या हवेत स्थिर विजेचे चटके बसणे या उणिवा. आत सुती चादर घेतल्यास पहिली उणीव बरीच भरून निघते. हा धागा आगीच्या संपर्कात वितळून त्वचेला चिकटतो. त्यामुळे हीटर किंवा समईच्या जवळ अशी ब्लँकेटे ठेवू नयेत.

कम्फर्टर : पॉलिएस्टरच्या पोकळ किंवा सूक्ष्म तंतूंनी भरलेले हे हलके पांघरूण आता शहरी घरांत रूढ झाले आहे. ते यंत्रात धुता येते आणि कापसासारखे गोळे होत नाहीत. आतल्या भरणापेक्षा त्याच्या आवरणाचे कापड पाहून घ्यावे. आवरण सुती असेल तर झोप सुखाची होते. त्यावर काढता-घालता येणारी सुती खोळ चढवल्यास संपूर्ण कम्फर्टर वारंवार धुवावा लागत नाही.

खरेदी करताना

वेष्टनावरील जीएसएम हा आकडा दर चौरस मीटरला किती ग्रॅम वजन आहे, एवढेच सांगतो. तो ऊब मोजत नाही. एकाच प्रकारच्या दोन कम्फर्टरची तुलना करण्यासाठी तो उपयोगी पडतो. मात्र लोकरीचे ब्लँकेट आणि पॉलिएस्टरचा कम्फर्टर यांची तुलना त्यावरून करू नये. परदेशी बनावटीच्या रजयांवर कधी कधी टॉग हे माप आढळते. ते मात्र उष्णता अडवण्याची क्षमता दाखवते. साडेचारच्या आसपासचा टॉग उन्हाळ्यासाठी आणि साडेतेराचा युरोपातील कडक हिवाळ्यासाठी असतो. महाराष्ट्रातील बंद खोलीत साडेतेराच्या रजईखाली घाम फुटण्याचीच शक्यता अधिक.

रजई किंवा कम्फर्टर हाताने दाबून पाहावा. सोडल्यावर तो पटकन फुगला तर भरण चांगले आहे, असे समजावे. उजेडासमोर धरल्यास भरणातील विरळ जागा दिसून येतात. शुद्ध लोकर म्हणून विकल्या जाणाऱ्या वस्तूवर वूलमार्क आणि हातमागाच्या वस्तूवर हॅण्डलूम मार्क आहे का, ते पाहावे. रस्त्यावर अत्यंत स्वस्तात मिळणारी अनेक करड्या रंगाची ब्लँकेटे जुन्या कपड्यांपासून काढलेल्या धाग्याची असतात. पानिपत हे या उद्योगाचे मोठे केंद्र. अशा ब्लँकेटांचा उपयोग नाही असे नाही, परंतु त्यांतून तूस गळते. दम्याच्या रुग्णांनी ती टाळलेली बरी.

अंथरूण पाहून पाय पसरावेत, ही म्हण पांघरुणाच्या बाबतीत शब्दशः खरी करावी लागते. पांघरूण उंचीपेक्षा किमान एक-दीड फूट लांब असावे, म्हणजे ते पायाखाली दुमडता येते. दोघांनी मिळून एक रजई घ्यायची असेल तर ती पलंगाच्या दोन्ही बाजूंनी पुरेशी खाली यायला हवी. अन्यथा रात्रभर ओढाताण ठरलेली. एकाला उकडते आणि दुसऱ्याला थंडी वाजते अशा घरांत दोन स्वतंत्र पांघरुणे हाच शहाणपणाचा मार्ग.

बाळासाठी आणि वृद्धांसाठी

एक वर्षाच्या आतील बाळाच्या बाबतीत मायेपोटी होणारी चूक जीवावर बेतू शकते. जड रजई, मऊ उशी, सैल ब्लँकेट यांखाली बाळाचे नाक-तोंड झाकले जाऊन श्वास कोंडण्याचा धोका असतो, कारण ते पांघरूण बाजूला सारणे बाळाला जमत नाही. अतिउष्णताही बाळाला अपायकारक असते. म्हणून बाळाला उताणे, सपाट व टणक गादीवर निजवावे आणि पांघरुणाऐवजी कपड्यांचे थर वाढवावेत किंवा अंगात घालायची झोपेची पिशवी वापरावी, असा बालरोगतज्ज्ञांचा सल्ला असतो. मोठ्यांच्या रजईत बाळाला घेऊन झोपू नये. बाळाचे हातपाय गार लागले म्हणजे त्याला थंडी वाजते, असे नाही. छाती किंवा मानेमागचा भाग चाचपून पाहावा. तेथे घाम असेल तर कपडे जास्त झाले आहेत. कमी वजनाच्या किंवा अपुऱ्या दिवसांच्या बाळाला ऊब कशी द्यावी, हे डॉक्टरांनाच विचारावे.

माळ्यावरून काढलेल्या लोकरीच्या कपड्यांना येणारा डांबरगोळ्यांचा वासही दुर्लक्षिण्याजोगा नाही. जी-सिक्स-पी-डी या विकराची जन्मजात कमतरता असलेल्या बाळांत नॅप्थलिनमुळे रक्तपेशी फुटून तीव्र कावीळ होऊ शकते. बाळाला ही कमतरता आहे की नाही, हे अनेकदा घरच्यांना ठाऊकही नसते. त्यामुळे बाळाचे कपडे आणि दुपटी डांबरगोळ्यांत ठेवूच नयेत.

वृद्धांची अडचण उलट असते. वयपरत्वे थंडीची जाणीव मंदावते, अंगावर काटा आणि कापरे उशिरा येते आणि ‘मला थंडी वाजत नाही’ असे सांगणाऱ्या आजोबांचे अंग प्रत्यक्षात गार पडलेले असते. त्यांना जड पांघरूण देऊ नये. सांधेदुखीमुळे त्याखाली कूस बदलणे अवघड होते. हलक्या वजनाचे दोन थर, पायांत मोजे आणि जमिनीवर लोळणार नाही एवढ्याच लांबीचे पांघरूण असावे. रात्री उठताना त्यात पाय अडकून पडण्याचा धोका त्यामुळे टळतो. मधुमेहामुळे पायांची संवेदना कमी झालेल्यांनी गरम पाण्याची पिशवी पायाशी घेऊन झोपणे टाळावे. भाजले तरी त्यांना कळत नाही. विजेवर चालणारे ब्लँकेट वापरायचेच असेल तर ते दुमडून वापरू नये आणि झोपण्यापूर्वी बंद करावे.

बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटवून झोपण्याचा प्रकार तर कटाक्षाने टाळावा. तिच्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूला रंग नसतो, वास नसतो आणि झोपेतच माणसाचा घात होतो. एक पांघरूण जास्त घेणे केव्हाही सुरक्षित.

निगा आणि साठवण

सर्व पांघरुणांना ऊन मानवते. आठवड्यातून एकदा गॅलरीच्या कठड्यावर उन्हात टाकून, उलटून, झटकून घेतल्यास कापसातील ओलावा जातो आणि तो फुलतो. सोलापुरी चादर पहिल्यांदा धुताना वेगळी भिजवावी, कारण रंग उतरण्याची शक्यता असते. घोंगडी वारंवार धुऊ नये; ऊन देऊन, झटकून ठेवणे पुरेसे. दमा किंवा धुळीची अॅलर्जी असणाऱ्यांनी चादरी, खोळी आणि अभ्रे दर आठवड्याला ६० अंश तापमानाच्या पाण्यात धुवावेत. अंथरुणातील सूक्ष्म कीटक थंड पाण्यात मरत नाहीत. हंगाम संपल्यावर पांघरूण पूर्ण वाळवून सुती कापडात बांधून ठेवावे. प्लॅस्टिकच्या पिशवीत राहिलेला दमटपणा पावसाळ्यात बुरशीला निमंत्रण देतो. कम्फर्टर आणि रजया दाबून, आवळून ठेवू नयेत.

एकूण विचार करता, मुंबईतील घराला माणशी एक सोलापुरी चादर आणि पाहुण्यांसाठी वा एखाद्या गारठ्याच्या आठवड्यासाठी दोन गोधड्या पुरतात. पुणे, नाशिक, नागपूरसारख्या शहरांत माणशी एक सुती चादर, एक मध्यम रजई आणि गादीखाली अंथरण्यासाठी घोंगडी किंवा जाड सतरंजी एवढा संच केला की दहा-बारा वर्षांची निश्चिंती होते. नवी खरेदी करण्यापूर्वी मात्र घरातील जुनी रजई एकदा पिंजून घ्यावी आणि कपाटातील सुती साड्या बोहारणीला देण्याआधी त्यांतून एखादी गोधडी होते का, ते पाहावे. पुष्कळदा थंडीची सोय घरातच असते.